तीन अक्षरे, दोनशे बारा शब्द

शब्दकोडे हे सोडवण्यासाठी असते, असा एक गैरसमज सुशिक्षित समाजात बरीच वर्षे टिकून होता. तो दूर करण्याचे श्रेय एका मध्यम खपाच्या दैनिकाकडे आणि त्या दैनिकातल्या कोडेमास्तरांकडे जाते. मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. (एकदा त्यांनी उपसंपादकाचा ऱ्हस्व-दीर्घ सर्वांदेखत सुधारला होता, तेवढ्यावरून हे नाव पडले.) सहाव्या पानावर, हवामानाच्या खाली आणि हरवले-सापडलेच्या वर, अकरा घरे आडवी आणि अकरा घरे उभी एवढा मुलूख एकोणीस वर्षे त्यांच्या ताब्यात होता.

त्या काळातले संकेत आज वाचले तर कीव येते. (कुठल्या घरात कोणता शब्द भरायचा हे सुचवणारी जी ओळ कोड्याशेजारी छापतात, तिला संकेत म्हणतात.) 'केस विंचरण्याचे साधन, तीन अक्षरे.' लोक 'कंगवा' लिहीत आणि कामाला लागत. त्यात ना विनोद, ना शैली, ना समाजावर भाष्य. उत्तर तेवढे यायचे, पण उत्तर काय, कोणालाही येते.

या मागासलेल्या पद्धतीची एकनिष्ठ उपासक म्हणजे मास्तरांची ताई. इस्पितळात परिचारिका म्हणून चौतीस वर्षे काढून ती निवृत्त झाली होती आणि मास्तरांच्या घरापासून दोन बसथांबे पलीकडे एकटी राहत होती. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती शाईच्या पेनाने कोडे भरायची (पेन्सिलीने भरणाऱ्यांना ती भित्रे समजत असे) आणि बरोबर साडेनऊला मास्तरांना फोन करायची.

"झालं. सात उभं सोपं होतं. नऊ आडव्यानं मात्र दम काढला."

"नऊ आडवं मुद्दाम ठेवलं होतं."

"कळलं ते. ठेव आता, दूध उतू जाईल."

एवढेच बोलणे. पण हा फोन येईपर्यंत मास्तर दुसऱ्या दिवसाच्या कोड्याला हात लावत नसत. कोडे एकेचाळीस हजार प्रतींत छापले जाई, आणि काढलेले असे ताईसाठी. हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही. कार्यालयात अशा गोष्टी सांगायच्या नसतात.

क्रांती झाली ती एका बुधवारी. गाद्यांच्या एका दुकानाने जाहिरात ऐनवेळी मागे घेतली. पान लावणाऱ्या बाई मास्तरांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, खाली चार बोटं जागा उरलीय. काहीतरी वाढवा. पाच मिनिटांत पान छपाईला सोडायचंय."

कोडे पाच मिनिटांत वाढत नाही. एक घर वाढवले की सगळी घरे अंग चोरतात. मास्तरांनी मग हाताशी होता तो संकेतच ताणला: 'चांगल्यातला घेण्याइतका पगार होईपर्यंत ज्याचे डोक्यावरचे काम संपत आलेले असते, आणि तरीही जो वरच्या खिशात बाळगून पुरुषमाणूस आपला भविष्यकाळावरचा विश्वास जाहीर करतो, तो दातेरी सोबती (तीन अक्षरे).' एकूण शब्द पंचवीस. जागा भरली, पान सुटले, बाई खूश.

दोन दिवसांत नऊ पत्रे आली. (त्याआधीच्या एकोणीस वर्षांत कोड्याबद्दल एकूण चार पत्रे आली होती. त्यांतली तीन ताईची आणि एक हवामान खात्यासाठी असलेले, चुकून इकडे आलेले.) संपादकांनी तो संकेत बैठकीत उभे राहून वाचून दाखवला. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर वाचण्यासारखे काही उरले नव्हते, त्यामुळे त्यांच्या वाचनात विशेष भाव उतरला.

"मास्तर, अहो, एवढी वर्षं कुठे दडवून ठेवलं होतंत हे?" ते म्हणाले. मास्तर लाजले. माणूस आहे, लाजणारच.

त्यानंतर परिपत्रक निघाले. त्यातील प्रमुख तरतुदी अशा: संकेत पूर्ण वाचून होण्याआधी उत्तर सुचता कामा नये. वाचकाचे पहिले हसू दुसऱ्या स्वल्पविरामाच्या आत आलेच पाहिजे. प्रत्येक संकेतात सासू, अक्कलदाढ, सरकारी खिडकी आणि लग्नातले फोटो यांपैकी किमान एकाचा उल्लेख असावा. एखादे उत्तर घरांत न बसल्यास घरांची संख्या बदलावी, संकेताला हात लावू नये. शेवटचे कलम संपादकांनी स्वतः, हिरव्या शाईने घातले होते.

पान मात्र होते तेवढेच राहिले. त्यामुळे संकेत जसजसे लांबले तसतसे कोडे आखडत गेले. अकराचे नऊ झाले, नवाचे सात, साताचे पाच. कोणाची तक्रार नव्हती. उलट काळ्या घरांमुळे पान उगाच सुतकी दिसते, असे मत एका वाचकाने नोंदवले होते, त्याचीही आपोआप दखल घेतली गेली.

या प्रगतीची आकडेवारी मास्तरांच्या टेबलावरच्या दिनदर्शिकेत, समासात, बारीक अक्षरांत सापडते. संकेताची सरासरी लांबी चार शब्द असताना ताईचा फोन साडेनऊला येई. एकोणीस शब्दांना तो पावणेअकराला येऊ लागला. त्रेचाळीस शब्दांना दुपारी तीन. सत्तर शब्द झाले तेव्हा दुसऱ्या दिवशी. नव्वदीत फोन एकदाच आला, तो असा:

"अरे, वाचता वाचता हसू येतं मला. मग डोळ्यांना पाणी येतं, चष्मा पुसते, तोवर काय विचारलंय तेच विसरते."

"पण आवडतंय ना?"

"आवडतंय रे. सुटत नाही."

पुढच्या चौकटी कोऱ्या आहेत. या अवधीत मास्तरांनी आपला फोन नादुरुस्त असल्याची तक्रार दोनदा नोंदवली. दोन्ही वेळा तपासणीत फोन ठणठणीत निघाला. उठून दोन थांब्यांचा प्रवास करावा असे त्यांच्या मनात रोज येई, पण ताईने विचारले तर काय सांगायचे, या विचाराने बस सुटून जाई.

इकडे कीर्ती वाढत होती. दातांच्या दवाखान्यांत मास्तरांचे संकेत कात्रणे करून भिंतीला लागले. एक रसिक मंडळ स्थापन झाले, त्यात दर महिन्याला संकेतवाचन होई. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने एकदा "उत्तर काय?" असे विचारले, तेव्हा दोन कार्यकर्त्यांनी त्यांना हाताला धरून मोकळ्या हवेत नेले आणि पाणी पाजले. दैनिकाने केलेल्या पाहणीत एक हजार वाचकांपैकी नऊशे बासष्ट जणांनी कोडे 'उत्कृष्ट' ठरवले, सदतीस जणांनी 'कळले नाही, पण उत्कृष्ट' असे लिहिले, आणि एकाने अर्जाच्या मागे 'मंगळवारचे तीन उभे आणि चार आडवे जुळत नाहीत' असे शाईच्या पेनाने कळवले. हे मत एकटेच असल्याने आकडेवारीतून गाळण्यात आले. अक्षर मास्तरांनी ओळखले होते.

वर्धापनदिनाच्या रविवारी या कलेने आपले शिखर गाठले. एकच शब्द, तीन घरे आणि दोनशे बारा शब्दांचा संकेत. वाचकांना विचार करायला सवड मिळावी म्हणून उत्तर बुधवारी छापण्याचे ठरले. मंगळवारी दुपारी बाई आल्या.

"मास्तर, रविवारचं उत्तर द्या. तीन अक्षरं."

मास्तरांनी पेन उचलले, आणि ते तसेच हवेत राहिले. उत्तर त्यांना आठवेना. म्हणजे सुरुवात 'उशीर' या शब्दावरून झाली होती, हे नक्की. 'आपल्याला झाला तर त्याला कारण असते आणि दुसऱ्याला झाला तर ती त्याची सवय असते' हे पहिलेच वाक्य इतके जमले, की त्या भरात पुढे सासू आली. सासूच्या मागून खिडकी आली, खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्यांत एक शेजारी निघाला, तो तर 'उशीर'पेक्षाही रंगला, मग त्याची दाढ दुखू लागली, आणि एकशे चाळिसाव्या शब्दापासून पुढचा मजकूर जगातल्या कुठल्याच तीन अक्षरांबद्दल नव्हता. घाम पुसत मास्तर संपादकांकडे गेले.

"उत्तर?" संपादक म्हणाले. "अहो, मी दोनदा वाचला तो. पोट दुखेपर्यंत हसलो. त्याला उत्तरही असतं होय?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दाराच्या खिळ्याला त्यांची डब्याची पिशवी लटकत होती. "पिशवी टाका. तीन होतात."

बुधवारी 'पिशवी' छापून आले. पत्रे आली तीनशे चौदा. 'वा! रोज हातात असते आणि डोळ्यांना दिसली नाही!' असा बहुतेकांचा सूर होता. रिकामी पिशवी हे आधुनिक माणसाचे प्रतीक कसे आहे, यावर एका प्राध्यापकाने चार पाने लिहिली. उत्तर 'पिशवी'च असणार हे आपण पहिल्या ओळीतच ओळखले होते, असे एकशे सहा जणांनी कळवले.

आणि कित्येक महिन्यांनी ताईचा फोन आला.

"पिशवी नाही ते," ती म्हणाली.

मास्तरांनी रविवारचे पान पुढे ओढले.

"तीन दिवस घातले मी त्यात. सगळं वहीत उतरवून काढलं. अर्ध्यापर्यंत उशीर बसतो, मग नाही बसत. पिशवी तर कुठेच बसत नाही. पण सगळ्यांना कळलंय म्हणे, पेपरात आलंय तसं. माझंच डोकं गेलं असेल रे आता. वॉर्डात बघितलीयेत मी अशी माणसं. सुरुवात अशीच होते. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय शनिवारची."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यभर जिने औषधांच्या वेळा चुकू दिल्या नाहीत, ती बाई आपल्या एका रिकाम्या संकेतापायी स्वतःला वेडी ठरवायला निघाली होती. त्यांनी फोनवर "बघतो" एवढेच म्हटले. मग टेबलाशी बसून शुक्रवारच्या कोड्याच्या जागी छापायला त्यांनी एकटाकी मजकूर लिहिला:

'रविवारच्या कोड्याचे छापलेले उत्तर चूक आहे. त्या संकेताला उत्तर नव्हते. लिहिता लिहिता माझाच शब्द हरवला. ज्यांनी मन लावून तो सोडवून पाहिला आणि ज्यांना तो सुटला नाही, त्यांचे डोके शाबूत आहे. दोष माझा आहे.'

नोकरी जाणार हे धरून ते घरी गेले. पान लावताना बाईंना मजकुराखाली थोडी मोकळी जागा दिसली. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्यांनी तिथे दोन घरे आखली.

पत्रे आली एक हजार एकशे चाळीस. मास्तरांचा आजवरचा सर्वोत्तम संकेत, यावर एकमत होते. उत्तर म्हणून कोणी 'माफी' पाठवले, कोणी 'चूक', कोणी 'खेद', कोणी 'लाज'. संपादकांनी सर्व उत्तरे बरोबर ठरवली. "मास्तर, डोळ्यांत पाणी आलं हो. कसं सुचतं तुम्हाला?" असे म्हणत त्यांनी मास्तरांना मिठी मारली. आपण खरेच लिहिले होते, असे मास्तरांनी त्यांना तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा संपादक टाळ्या वाजवत हसले. मास्तरांना मानपत्र द्यायचे ठरले, आणि दर शुक्रवारी एक ताजी कबुली लिहिण्याचे काम त्यांच्या नावावर कायम करण्यात आले.

ताईचा फोन शुक्रवारीच आला होता.

"वाचलं."

"कळलं?"

"न कळायला काय झालं? साधं तर लिहिलंयस. शनिवारची वेळ रद्द केली मी." मग म्हणाली, "पण खाली ती दोन घरं कशाला रे?"

"चुकून पडली."

"वाटलंच मला. साधं काढशील का एखादं? पेनात शाई भरून ठेवलीय."

त्या दुपारी मास्तरांनी जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूला अकरा घरे आडवी आणि अकरा उभी आखली, चार-चार शब्दांचे संकेत लिहिले आणि बस धरली. ताई टेबलाशी बसली. मास्तर परीक्षेला बसल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. बावीस मिनिटांनी तिने चष्मा काढला.

"पाच उभं चुकलंय तुझं. एक घर कमी पडतंय."

मास्तरांनी पाहिले. खरेच कमी पडत होते. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ताईने ते पाहूनही चहा टाकण्याचे निमित्त काढून पाठ फिरवली. तेव्हापासून हे हाताने काढलेले कोडे नियमित प्रसिद्ध होते. खप एक प्रत.

वरील हकिकत घडली तशी दिली आहे. तिच्यात काहीही दडवलेले नाही आणि तिच्याखाली घरे आखलेली नाहीत, हे जाणकार वाचकांच्या माहितीसाठी मुद्दाम नमूद करण्यात येत आहे. या खुलाशाचा उपयोग होणार नाही, याची कल्पना आहे. आपण ही 'जरूर वाचा, काय चिमटे काढलेत!' अशी शिफारस जोडून चार जणांना पाठवाल, ते चौघे न उघडताच अंगठा दाखवतील, आणि संध्याकाळी कोणी विचारलेच तर आपल्याला कंगवा आठवेल, पिशवी आठवेल. डॉक्टरांची वेळ कोणी घेतली होती, हे मात्र आठवणार नाही.