बनुबाईंचं घरपोच कीर्तन

या, असे जवळ सरका. पुढची सतरंजी मोकळीच असते. मागं भिंतीला टेकून बसणाऱ्यालाही पुण्य मिळतं म्हणतात, पण ते झोपेत. एका सप्ताहाची, एका म्हातारीची आणि एका सत्काराची गोष्ट सांगतो. लांबवणार नाही. (हे वाक्य प्रत्येक कीर्तनात असतं, म्हणून घातलं.)

कुणी न सांगता होणारी मदत ही समाजाच्या दृष्टीनं फार बेवारशी गोष्ट असते. तिला अध्यक्ष नसतो, उद्घाटन नसतं, फ्लेक्स नसतो. ती कधी सुरू झाली हे कुणाला सांगता येत नाही, त्यामुळं तिचा वर्धापनदिनही करता येत नाही. अशी मदत गावात मोकाट फिरू देणं बरं नव्हे, हे ज्यांना वेळीच कळतं त्यांना जाणते म्हणतात. पलूस तालुक्यातल्या आमच्या गोष्टीतल्या गावात (नाव सांगत नाही, समितीची परवानगी यायची आहे) असे जाणते आप्पासो होते. हरिनाम सप्ताह समितीचे ते अकरा वर्षं अध्यक्ष. सात दिवस रोज संध्याकाळी कीर्तन, आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, दहीहंडी आणि महाप्रसाद, हा सगळा डोलारा आप्पासोंच्या खांद्यावर. गावातला एकही माणूस कीर्तनावाचून राहू नये म्हणून त्यांनी चार दिशांना चार कर्णे लावले होते. पाचवा शेजारच्या गावाकडं तोंड करून होता. त्या गावानं मागितला नव्हता, पण परमार्थात मागण्याची वाट बघू नये.

या व्यवस्थेतून एकच माणूस सुटला. ती आप्पासोंची आई.

बनुबाईंचं वय शहाऐंशी. त्यांनी बेचाळीस वर्षं बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढं बसून कीर्तन ऐकलं होतं. यंदा न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला लागल्या. घर मंडपापासून तीनशे पावलांवर, कर्ण्याचं तोंड थेट खिडकीकडं. पण बनुबाईंना कमी ऐकू येई. "आवाज येतुया, शब्द येत न्हाई," त्या म्हणायच्या. आप्पासोंनी यावर तातडीनं उपाय केला. आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासोंची नात प्रियदर्शनी, इयत्ता तिसरी, तुकडी ब, शाळेची वेणी घालून घ्यायला पणजीजवळ बसली. बनुबाईंनी विचारलं, "काल महाराज काय म्हनलं गं?"

"मोठ्या आजी, लय म्हनलं."

"मग सांग की त्यातलं थोडं."

प्रियदर्शनी प्लास्टिकच्या खुर्चीवर उभी राहिली, ओढणी उपरण्यासारखी गळ्यात घातली आणि पणजीच्या चांगल्या कानाशी वाकून सांगायला लागली. पाच वर्षांचा चुलतभाऊ शिवतेज तेलाच्या रिकाम्या डब्यावर मृदंग वाजवायला बसला. त्याला एकच ठेका येत होता, पण तो त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

आता आकडेवारी पाहू. मूळ कीर्तन दोन तास दहा मिनिटं. त्यातून माइकची तपासणी, पाहुण्यांचं स्वागत, उशिरा आलेल्या पाहुण्यांचं पुन्हा स्वागत आणि 'मागं बसलेल्या तरुण मंडळींनी मोबाईल बंद करावेत' ही विनंती वजा केली तर उरतात सव्वीस मिनिटं. प्रियदर्शनीचं कीर्तन बावीस मिनिटांत झालं. चार मिनिटांचा फरक महाराजांच्या खोकल्याचा. तिला सर्दी नव्हती. मजकुरात किरकोळ बदल होते. महाराजांच्या दृष्टांतातला राजा रथातून गेला होता, तिचा ट्रॅक्टरनं गेला आणि वाटेत उसाच्या ट्रॉलीमागं अडकला. बनुबाई म्हणाल्या, "खरं हाय. अडकतुयाच."

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या केरूनानांकडून निरोप आला. नाना पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता दोन्ही डोळ्यांनी अधू. म्हणाले, "आमच्यात देव न्हाई गं पोरी. त्यो तेवढा वगळ आन् गोष्ट सांग." प्रियदर्शनीनं देव वगळला. गोष्ट दोन मिनिटांनी आटोपली, पण माणसं सगळी जागच्या जागी राहिली. नानांनी खूश होऊन दोघांना सॅल्यूट ठोकला. शिवतेजनं डब्यावर बसूनच परत केला.

पाचव्या दिवशी ही लागण पाच घरांत पोचली. पोरं सकाळी शाळेआधी निघत. लकवा झालेल्या एका आजोबांना कीर्तन सांगता सांगता पाणी पाजलं जाई, एका आजींचा हरवलेला चष्मा निरूपणाच्या मध्येच गादीखाली सापडे. कसलीही नोंद नाही, फोटो नाही, बॅनर नाही. सगळा अंदाधुंद कारभार.

समितीची तातडीची बैठक बसली. मुद्दे गंभीर होते.

एक सभासद म्हणाले, "आप्पा, ह्ये कीर्तन कुठल्या परंपरेतलं?"

"तिसरी ब," आप्पासो खाली मान घालून म्हणाले.

दुसरे म्हणाले, उद्या लोक म्हणतील घरी बसूनच ऐकतो, मग पहिली रांग कोण भरणार? (पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव होती. पाहुणे सत्कार झाला की जात. ती रिकामी ठेवण्यासाठीही माणूस नेमलेला होता.) तिसऱ्यांनी थेट बंदीच सुचवली. तेव्हा आप्पासोंचं जाणतेपण कामी आलं. ते म्हणाले, "बंदी नको. वाईट दिसंल. आपण पोरीचा सत्कार करू."

ही गोष्ट अनुभवी माणसालाच सुचते. बंदी घातलेलं काम चोरून चालू राहतं. सत्कार झालेलं काम सहसा पुन्हा उठत नाही. ठराव एकमतानं झाला. काल्याच्या दिवशी, कीर्तन संपल्याबरोबर, 'बालसेवारत्न' म्हणून शाल, श्रीफळ, मानपत्र.

आता बनुबाईंचं एक ऐका. त्यांचा बेचाळीस वर्षांचा नेम होता. काल्याचं कीर्तन कानावर पडून हंडी फुटली, की त्या दिवसाचा पहिला घास. तोवर पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी साखरेच्या आजाराची गोळी जेवणाबरोबर सांगितलेली, सुना मंडपात महाप्रसादाला वाढायला गेलेल्या. त्या दिवशी सकाळी प्रियदर्शनी म्हणाली, "मोठ्या आजी, दूध तरी घे."

"आधी काला. तू संपल्या संपल्या पळत ये म्हंजे झालं."

"येते. शप्पत."

बारा वाजता मंडपात हंडी फुटली. प्रियदर्शनीनं मूठभर काला डब्यात घेतला आणि वळली, तर समोर माइक. "कु. प्रियदर्शनी, व्यासपीठावर यावं!"

व्यासपीठावर तेरा खुर्च्या. प्रास्ताविक झालं, प्रास्ताविक करणाऱ्याचं स्वागत झालं, मनोगतं सुरू झाली. पोरगी डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"आबा, जाऊ?" तिनं शेजारच्या आप्पासोंना विचारलं.

"गप बस. तुझाच सत्कार हाय."

"मोठी आजी उपाशी हाय."

"आगं, त्येबद्दलच तर सत्कार हाय!"

मानपत्राला चौदा मिनिटं लागली. 'वृद्धांच्या सेवेत क्षणाचाही विलंब न लावणाऱ्या' या ओळीला टाळ्या पडल्या, म्हणून वाचणाऱ्यानं ती पुन्हा वाचली. प्रमुख पाहुणे कराडहून निघाले असून वाटेतच आहेत, असं तीन वेळा जाहीर झालं. प्रियदर्शनीनं घड्याळाकडं बघितलं, एक वाजून गेला होता. तिनं खाली बसलेल्या शिवतेजला खूण केली, आपल्या खुर्चीवर बसवलं आणि डबा घेऊन मंडपाच्या मागच्या बाजूनं सुटली. पाहुणे आले, त्यांनी खुर्चीवर जे लहान होतं त्याचा सत्कार केला. शिवतेजला श्रीफळ दोन्ही हातांनीही पेलेना. कुणालाही काही खटकलं नाही. सत्काराला माणूस लागतो, कोणता ते मानपत्रात लिहिलेलं असतं.

घरी बनुबाईंचे हात थरथरत होते.

"एवढा येळ?"

"भाषणं, मोठ्या आजी."

"आन् साथीदार कुठाय?"

"त्येचा सत्कार चाललाय."

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

बनुबाईंनी त्या स्थितीतही हसून घेतलं. पोरीनं आइस्क्रीमचा रिकामा डबा सुतळीनं खाटेवर टांगला, त्यात काला भरला, आणि चांगल्या कानाशी वाकून भराभरा सांगत सुटली. गवळणी निघाल्या, पोरांनी वाट अडवली, एकावर एक चढली. आता फक्त हंडी फुटायची राहिली होती.

तेवढ्यात आप्पासो दारात. पोरगी सत्कारातून पळाल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते आभाराची यादी घरी विसरले होते. यादी त्यांनी उंबऱ्यातूनच कपाटावरून काढली. आईनं बघितलं.

"आप्पा, ये की. हंडी फुटायचीच हाय. धा वर्सं झाली, माझ्याजवळ बसून तू काला ऐकला न्हाईस."

आप्पासो खरोखर थांबले. एक पाऊल आतही आलं. खुर्ची मोकळी होती, आई बघत होती, आणि मंडपातून कर्ण्यावर आवाज आला, "अध्यक्षांनी जिथं असतील तिथून यावं."

"आलोच, आये," ते म्हणाले आणि गेले.

आभारप्रदर्शन त्यांनी मनापासून केलं. मंडपवाले, कर्णेवाले, वीज न घालवल्याबद्दल वीज मंडळ, न पडल्याबद्दल पाऊस. एकूण एकसष्ट नावं आणि शेवटी ज्ञात-अज्ञात सर्व. आईचा समावेश अज्ञातांत होता असं धरायला हरकत नाही.

इकडं प्रियदर्शनीनं काठी उचलली होती. बनुबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. आप्पा आलोच म्हनलाय."

"मोठ्या आजी, आबांचं आभार लय लांब असतंय."

"माझं पोरगं हाय. आलोच म्हनलं म्हंजे येनार."

पोरीनं काठी खाली ठेवली. सात दिवसांत तिनं राजा अडकवला, देव वगळला, सत्काराला चकवलं. पण या एका शब्दापुढं तिचा इलाज चालेना. दोघी वर टांगलेल्या डब्याकडं बघत बसल्या. पावणेदोन. दोन. सव्वादोन. बनुबाईंना घाम सुटला, मान कलायला लागली, तेव्हा पोरीनं न विचारता हंडी फोडली, घास त्यांच्या तोंडात घातला आणि मागोमाग गोळी. हनुवटीवरचं दही पुसत म्हणाली, "आबा आलं हुतं. तुला झोप लागली हुती." हे सबंध सप्ताहात तिनं सांगितलेलं एकमेव खोटं.

आप्पासो पावणेचारला आले. दमले होते, सेवेत दमायला होतंच.

तुम्ही त्यांना हसलात, हे बरं झालं. आता जाता जाता एवढंच करा, मंडळी. हे वाचायला बसताना आतल्या खोलीत कुणाला तरी "आलोच" म्हणून आला आहात. नाव मी विचारत नाही. तेवढ्या माणसाची आठवण ठेवा. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून अजून ताट पुढं ओढलेलं नाही.