पाहुण्याच्या पाहुण्यासाठी प्रोसेसर

कोणतीही वस्तू निवडण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे हे विसरणं आवश्यक असतं. त्याशिवाय निवड निःपक्षपाती होत नाही. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या भावकीने हे तत्त्व कसोशीने पाळलं आहे. जमीन तोंडी वाटली असली तरी सातबारा सामाईक आहे, त्यामुळे सायकलपेक्षा मोठी कोणतीही वस्तू बैठकीशिवाय आमच्या कोणाच्याच घरात येत नाही. (सायकलपेक्षा लहान वस्तूंसाठी टोमण्यांची सोय आहे.)

माझा चुलतभाऊ अजिनाथ बी.एस्सी. झाला असून शेवगावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात बसतो. दुसऱ्यांना नोकरी लागावी म्हणून तो दिवसभर त्यांचे फोटो लहान करत असतो. अशात पुण्याच्या एका कंपनीने त्यालाच प्रात्यक्षिक परीक्षेला बोलावलं. तारीख पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारची. संगणकाच्या आत एक आभासी संगणक उभा करायचा, त्या आभासी संगणकाच्या आत आणखी एक उभा करायचा, आणि सगळ्यात आतल्याला आपण खरे नाही याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ती परीक्षा होती. सराव केला तर जमण्यासारखं होतं. पण अजिनाथच्या जुन्या लॅपटॉपला एक आभासी संगणकसुद्धा पेलत नव्हता. पंखा पाखडल्यासारखा वाजायचा आणि सगळं बंद पडायचं. म्हणून घरातच छोटी प्रयोगशाळा करायची, त्यासाठी डेस्कटॉप घ्यायचा, आणि त्याचा प्रोसेसर आधी ठरवायचा, असं त्याने बैठकीपुढे मांडलं. पास झाला तर पुणे, नाही तर पुन्हा फोटो.

बैठक सूर्यभान आप्पांच्या ओट्यावर झाली. आप्पा घोडेगावच्या बाजारात चालीवरून बैल ओळखतात, असा त्यांचा लौकिक आहे. (तो मुख्यतः त्यांनीच सांभाळला आहे.) अजिनाथने विषय समजावून सांगितल्यावर झुंबरकाकूंनी तो आणखी सोपा केला.

"म्हंजी आपल्याकडं पाव्हना आला, आन् त्या पाव्हन्याकडं त्याचा पाव्हना आला."

"व्हय काकू."

"आन् चूल कोनाची?"

"आपलीच."

"आतल्याला मातर वाटत आसंल, ह्ये घर माजंच हाय."

"त्याला तसंच वाटाया पाहिजे, काकू. न्हाईतर चालत न्हाई."

"मग यात शिकायचं काय हाय? तुज्या आत्याचा दीर मागल्या साली तीन म्हयने हुता."

विषय सर्वांना समजल्याने पुढचं काम मानपानाचं उरलं. यंत्र समितीचं अध्यक्षपद वडीलकीने आप्पांकडे गेलं. आप्पा अध्यक्ष झाल्यावर बिभीषण तात्यांना काहीच न देणं म्हणजे दोघांमधला विहिरीचा जुना वाद उकरून काढणं होतं, म्हणून समितीखाली एक उपसमिती नेमून तिचं अध्यक्षपद त्यांना दिलं. बायकांना विचारात घेतलं नाही असं बाहेर जाऊ नये यासाठी उपसमितीखाली अभ्यासगट नेमला आणि झुंबरकाकूंना प्रमुख केलं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असल्याने मला तिन्ही ठिकाणी कार्यवाह करण्यात आलं. भावकीत बसून निर्णय घेणारी माणसं पाचच असल्याने तिन्ही ठिकाणचे सभासद एकच होते: आप्पा, तात्या, काकू, अजिनाथ आणि मी. ओटाही तोच. एक सभा संपून दुसरी सुरू झाली हे कळावं म्हणून मध्ये चहा होत असे.

या रचनेचं महत्त्व बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येणार नाही. संगणकशास्त्र सांगतं, की सगळ्यात आतल्या संगणकाची काही मागणी असली की ती वरच्या प्रत्येक थराला तपासून पुढे पाठवावी लागते, म्हणून आतला संगणक हळू चालतो. आमच्याकडे प्रोसेसर येण्याआधीच ही व्यवस्था पूर्ण क्षमतेने चालू झाली होती. अभ्यासगटात सभासद म्हणून आप्पा एखाद्या गोष्टीला मान डोलवत. तीच गोष्ट उपसमितीमार्फत समितीत आली की अध्यक्ष म्हणून ते ती पहिल्यांदाच ऐकत, आणि अभ्यास कमी पडल्याचा शेरा मारून खाली पाठवत. खाली ती आप्पांनाच मिळे. मग ते म्हणत, "वरच्यांचं बरोबर हाय."

आता प्रोसेसरकडे. ते बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. नावांच्या उच्चारावरून पहिली सभा निष्फळ गेल्याने कार्यवृत्तात त्यांची नोंद निळी आणि लाल अशी केली. आप्पांनी निळी धरली, कारण त्यांचा जुना ट्रॅक्टर निळा होता आणि तो चढाला कधी थांबला नाही. तात्यांनी लाल धरली, कारण आप्पांनी निळी धरली होती. अजिनाथचं काम दोन्हींवर सारखंच होईल, असं मी मांडलं. ही माहिती निवडीला उपयोगी नसल्याने ती नोंदवली गेली नाही.

अभ्यासगटाने प्रथम वय तपासलं. बैलाचे दात मोजतात तशा प्रोसेसरच्या पिढ्या मोजतात, हे आप्पांना पटलं. पण निळ्या कंपनीचा एक नमुना चौदाव्या पिढीचा आहे हे ऐकून तेही जरा थबकले. "आपल्या भाटाच्या वहीतबी सातच पिढ्या हायत," ते म्हणाले. "हा लई मोठ्या घरचा दिसतो."

तात्यांनी कोअरचा मुद्दा काढला. प्रोसेसरच्या आत प्रत्यक्ष राबणारे जे भाग असतात त्यांना कोअर म्हणतात. निळ्यात चोवीस होते, त्यांतले आठ मोठे आणि सोळा लहान. लालमध्ये सोळा होते आणि सगळे सारखे.

"चोवीस बैल म्हनून दावनीला बांधायचे आन् त्यातले सोळा गोऱ्हे," तात्या म्हणाले. "घोडेगावात कोनी आसं केलं तर लोक दाव्यानंच बांधून घालतील."

"गोऱ्ह्यालाबी काम आस्तं," आप्पा म्हणाले. "पान्याची टाकी वढाया तू नांगराची जोडी जुपतो का? आन् तुजे सोळा सारखे कुठनं आले? हितं दोन भाऊ सारखे न्हाईत."

यावर उपसमिती रुसली. उपसमिती रुसून स्वतःच्या ओट्यावर जाऊन बसल्याने अभ्यासगटाचीही गणसंख्या मोडली. तिला परत आणायला समितीने अजिनाथला पाठवलं. तो सराव सोडून (सराव म्हणजे वहीवर चौकटीत चौकट काढणं, दुसरं साधन नव्हतं) दोन्ही ओट्यांमध्ये निरोप पोचवत राहिला.

दरम्यान काही किरकोळ सूचना आल्या. अजिनाथ म्हणाला, की या कामाला प्रोसेसरपेक्षा रॅम जास्त लागते. विषयपत्रिकेवर फक्त प्रोसेसर असल्याने तो आगंतुक विषय ठरला. मी सुचवलं, की असा संगणक इंटरनेटवरून तासावर भाड्याने मिळतो, अजिनाथ आज रात्रीपासून सराव करू शकेल. याला मात्र आप्पा, तात्या आणि काकूंनी, म्हणजे समिती, उपसमिती आणि अभ्यासगटाने, एकाच वेळी विरोध केला. महिन्याभरात तिन्ही थरांचं एकमत झालं ते एवढ्याच एका मुद्द्यावर.

"भाड्याचा बैल दारात दिसतो तरी," काकू म्हणाल्या. "ह्ये तर दारातबी दिसायचं न्हाई. लोकांनी काय बघायचं?"

निळ्या आणि लाल प्रोसेसरची अंतिम समोरासमोर चर्चा सकाळी सुरू झाली आणि दिवस मावळेपर्यंत चालली. त्यात उष्णता, वीज, चाल आणि खोड हे चारही मुद्दे तपासले गेले. (तो महिन्यातला पहिला मंगळवार होता. पुण्याची गाडी पहाटेची होती. पण अजिनाथ गेला असता तर गणसंख्या पुन्हा मोडली असती, आणि शिवाय सरावाशिवाय जाऊन तो करणार काय, असं आप्पांनी आदल्या रात्री दाखवून दिलं होतं.) सायंकाळी अभ्यासगटाने शिफारस केली, चहा झाला, उपसमितीने ती उचलून धरली, पुन्हा चहा झाला, आणि समितीने ती मंजूर केली. तात्यांनी आप्पांना मिठी मारली. विहिरीच्या वादानंतरची ही पहिलीच मिठी असल्याचं जाणकार सांगतात.

आठवड्याने प्रोसेसर आला. मंजुरी फक्त प्रोसेसरची असल्याने फक्त प्रोसेसरच आला. हळदीकुंकू लावून काकूंनी खोका उघडला आणि आतून बिस्किटाएवढी चौकोनी चकती निघाली.

"यवढंच?" काकू म्हणाल्या.

"जात्याच बारीक आस्तं ह्ये," आप्पा म्हणाले.

"याला चालू कुठनं करायचं?" तात्यांनी विचारलं.

ही चकती ज्या पाटीवर बसते तिला मदरबोर्ड म्हणतात, आणि चुकीच्या पाटीवर ती बसतच नाही, हे मी सांगितलं. सर्वांना आनंद झाला. निवडीचं काम संपल्याने ओटा ओका वाटू लागला होता. मदरबोर्ड समिती त्याच बैठकीत स्थापन झाली. चकती सध्या आप्पांच्या काचेच्या कपाटात तात्यांच्या कुस्तीच्या ढालीशेजारी उभी आहे, आणि सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींना ती पाण्याच्या तांब्याआधी दाखवली जाते.

ही हकीकत मी पारनेरला, नगरला आणि खुद्द पुण्यातही चांगल्या शिकलेल्या लोकांना सांगितली आहे. सगळ्यांनी ती मन लावून ऐकली आणि शेवटी एकच प्रश्न विचारला: मग घेतला कोणता, लाल की निळा? काहींनी तर मला अर्धवट गोष्ट सांगितल्याबद्दल दोष दिला. आपणही बहुधा तो तपशील शोधण्यासाठी काही परिच्छेद मागे जाऊन आला असाल. अजिनाथ आता काय करतो, हे अद्याप कोणी विचारलेलं नाही. तेव्हा वाचकहो, आपली पात्रता सिद्ध झाली आहे. मदरबोर्ड समितीत एक जागा रिकामी आहे, आणि ती अजिनाथचीच होती.