साहेब आले की वाजणारी शिट्टी

छातीठोकपणे सांगतो, आमच्या सेन्सरइतकं तिखट नाक जगात कुणाला नसेल! आकार शर्टाच्या बटणाएवढा. आत इवलासा प्रकाश खेळवलेला. हवेत अमोनिया आला की तो त्यातला थोडा प्रकाश गिळतो आणि सेन्सर शिट्टी मारतो. आपल्या नाकाला पत्ता लागायच्या कितीतरी आधी.

त्या दिवशी एका शीतगृहाच्या मालकीणबाई तो बघायला आल्या होत्या. गारव्यासाठी त्यांच्याकडे अमोनियाच वापरतात, तेव्हा गळती वेळीच कळायला हवी. त्यांनी ऑर्डर दिली नाही, तर आमचा विभाग बंद आणि माझी रवानगी वजनकाटे दुरुस्तीला, हे ठरलेलं होतं.

मी सेन्सर टेबलावर ठेवला. दिवा हिरवा, बाई खूश. एवढ्यात आमचे साहेब "या, या" करत आत आले आणि कौतुकाने टेबलावर वाकले. झाली शिट्टी सुरू!

"हे काय?" साहेब दचकून मागे सरले. शिट्टी बंद.

"गरम झाला असेल," मी ठोकून दिलं. वायर बदलली, काच पुसली, खिडकी उघडली. साहेब सारवासारव करायला पुन्हा पुढे आले, की पुन्हा शिट्टी.

"इथे कुठला आलाय अमोनिया? तुमचं यंत्र उगाच बोंबलतंय," असं म्हणत बाईंनी पर्स उचलली.

तेवढ्यात मला साहेबांच्या कानामागचा काळा ओघळ दिसला. कालपर्यंत करडे असलेले केस आज कुळकुळीत! पाहुण्या येणार म्हणून स्वारी सकाळीच रंग लावून आली होती, आणि त्या रंगात अमोनिया असतो. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. पण हे सांगायचं कसं? बोललो तर साहेब कच्चा खाणार, गप्प बसलो तर वजनकाटे.

"साहेब, बाहेर तुमचा फोन आलाय," मी थाप मारली. ते गेले, दिवा हिरवा. "कुणाचाच नाहीये," म्हणत ते परतले, शिट्टी! बाईंनी एकदा सेन्सरकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या कानाकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"सकाळीच रंगवलेत वाटतं?"

"पण चांगले खसाखसा धुतलेत हो," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"धुऊनही सापडलं? मग मला हाच हवा." बाईंनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. मी खुर्चीत मटकन बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाई गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. आता आपली हजेरी, असं म्हणून मी मान खाली घातली. पण साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "काय हो, अमोनिया नसलेला रंग मिळतो का कुठे?"

"मिळतो की. चौकातल्या औषधांच्या दुकानात, वरच्या फळीवर. हिरवं खोकं मागायचं. अर्धा तास ठेवायचा, कपाळाला आधी तेल लावायचं, म्हणजे डाग पडत नाही."

साहेब नुसते माझ्या काळ्याभोर केसांकडे बघत राहिले.