फुलांच्या दुकानातली अकरा चर्च

मिशिगन राज्याने गांजा विकायला परवानगी देऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आमच्या वेस्ट ॲल्डन गावानेही विचारपूर्वक पाऊल उचललं. गावात गांजाचं एकच दुकान निघेल, आणि ते कुठल्याही शाळेपासून, चर्चपासून, पाळणाघरापासून हजार फूट लांब असेल, असा ठराव नगरपरिषदेत एकमताने मंजूर झाला. हजार फूट नेमके कुठे संपतात हे दाखवणारा नकाशा करण्याचं काम नकाशा विभागाकडे आलं.

नकाशा विभाग म्हणजे मी. एकोणीस वर्षं मी कुत्र्यांचे परवाने देते. मधल्या रिकाम्या वेळात फुकटचे व्हिडिओ बघून संगणकावर नकाशे काढायला शिकले. पहिलं वर्तुळ जमलं त्या दिवशी जेवताना मी नवऱ्याला 'बफर', म्हणजे ठिकाणाभोवतीचं असं वर्तुळ, हा शब्द चार वेळा ऐकवला. त्याने बटाटे पुढे सरकवले.

मी चर्च, शाळा आणि पाळणाघरं यांची यादी संगणकाला दिली. आमच्याकडे एका भजनाच्या चालीवरून दोघांचं बिनसलं की तिसरं चर्च निघतं, त्यामुळे यादी लांब होती. संगणकाने सगळ्यांभोवती वर्तुळं काढली, आतला भाग लाल केला, आणि नगरपरिषदेने टाळ्या वाजवून तो नकाशा ठरावाला जोडला. माझ्या दारावर 'प्रमुख, नकाशा विभाग' अशी पाटी लागली.

सोमवारी व्हर्ना हुइझिंगा आली. गावाच्या मधोमध तिचं फुलांचं दुकान. ते चालेनासं झालं म्हणून गांजाच्या परवान्यासाठी ती अर्ज करणार होती. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. परवाना नाही तर दुकान विकून ॲरिझोनाला सुनेकडे.

"डोरीन, तुझ्या नकाशात माझं दुकान लाल का गं?"

"जवळ एखादं चर्च असेल."

"किती जवळ?"

मी बघितलं. "शून्य फूट."

"म्हणजे?"

"म्हणजे आत. अकरा आहेत. आणि एक पाळणाघर."

"फुलांच्या फ्रिजमध्ये बसलेत की काय? तरीच मेला गार होत नाही!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बऱ्याच चर्चनी आणि एका पाळणाघराने पत्ता म्हणून नुसता पोस्टातल्या पेटीचा नंबर दिला होता. पत्ता सापडला नाही की संगणक कुरकुर करत नाही. गुपचूप गावाच्या बरोब्बर मध्यावर खूण ठोकतो. हे व्हिडिओच्या दुसऱ्या भागात सांगितलं होतं. मी पहिल्या भागानंतर पाटीच्या रंगाचा विचार करत होते.

मी नगरपरिषदेचे व्यवस्थापक डेल ब्रॉवर यांच्याकडे धावले.

"नकाशा ठरावाला जोडलाय, म्हणजे तो आता कायदा आहे," डेल म्हणाले.

"अहो, पण तिथे नुसती फुलं आहेत!"

"फुलं चर्चमध्येही असतात, डोरीन."

तरी त्यांनी रीतसर पाहणी लावली. निरीक्षकाने बुधवारी दुकान पाहिलं, दोन ग्लॅडिओलस विकत घेतले आणि अहवाल दिला: 'पाहणीच्या वेळी एकही चर्च उघडं नव्हतं.' गुरुवारी अग्निशमन विभागाची नोटीस आली. प्रत्येक चर्चला बाहेर पडायला दोन दारं लागतात. दुकानात बावीसऐवजी एकच आढळलं.

आता एकच वाट उरली, नकाशा दुरुस्तीचा अर्ज. त्यावर दोन सह्या लागतात: चूक करणाऱ्याची, आणि ती चूकच आहे असं सांगणाऱ्या तज्ज्ञाची. गावात दोन्ही मीच.

"सही कर की," डेल म्हणाले. "फक्त विभागाने चुकीचा नकाशा दिला असं ठरलं, तर विभाग बंद करावा लागेल. तुला काय, कुत्री आहेतच."

शुक्रवारी साडेचारला व्हर्ना माझ्या टेबलासमोर बसली. कोटही काढला नाही.

"अगं, दोन सह्या. चुकते माणसाची जात. मी नाही का तुझ्या पोरीच्या लग्नात पांढऱ्याऐवजी पिवळी फुलं पाठवली?"

"तेव्हा तू कबूल कुठे केलंस? ह्या वर्षी हीच फॅशन आहे म्हणालीस!"

"मग तूही तसं काहीतरी म्हण, पण सही कर."

मी पेन उघडलं. दोन्ही रिकाम्या जागा नीट वाचल्या. पाच वाजायला चार मिनिटं असताना, कुणालाही दुखावणार नाही अशा शब्दांत लिहिलं: 'अधिक अभ्यास आवश्यक.' खाली एकच सही केली, तज्ज्ञाच्या जागी, पदासकट.

व्हर्नाने कागद वाचला, घडी घातली आणि उठली. "वर्तुळं मात्र छान गोल काढतेस हं," एवढंच म्हणाली. महिन्याभरात ती ॲरिझोनाला गेली. परवाना कुणालाच मिळाला नाही, कारण नकाशावर गावात लाल नसलेली जागा म्हणजे तळं. नकाशा उत्तम झाला असं सगळ्यांचं मत पडलं.

तुम्हाला मला दोष द्यायचा असेल तर खुशाल या. कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडं असतं. येताना फक्त 'ही चूक माझी' असं लिहून खाली स्वतः सही केलेला तुमचा एखादा कागद घेऊन या, म्हणजे मला नमुना मिळेल.

अजून कुणी आलेलं नाही.