खूप वर जायचंय

पंख्याचा वेग जरा कमी करा, एवढंच मला सांगायचं होतं. त्यासाठी मी हात वर केला.

मी बस कंपनीत नोकरी करतो. (बस चालवत नाही. घाबरू नका.) प्रवासी बसमध्ये जे विसरून जातात ते सांभाळणं हे माझं काम. तळमजल्यावर, जिन्याखाली, 'हरवलेल्या वस्तूंचा विभाग' अशी पाटी आहे. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि छत्र्या. शिवाय डबे, चष्मे, एकेकटे बूट आणि एक दातांची कवळी. ती कवळी न्यायला अजून कुणी आलेलं नाही. दुपारी खिडकीतून उन्हाची एक तिरीप येते, तिच्यात धूळ सोन्यासारखी तरंगत असते. ती बघत बसलं की मन कुठल्या कुठे जातं. इतर लोक याला आळस म्हणतात.

तर त्या दिवशी वरच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. माझी खुर्ची नेमकी पंख्याखाली. माझे केस मी डावीकडून उजवीकडे मोठ्या विश्वासाने नेऊन ठेवलेले असतात, आणि तो पंखा त्यांना परत डावीकडे पाठवत होता. व्यासपीठावर मोठे साहेब कंपनीच्या वर्धापनदिनाबद्दल बोलत होते. माझं अर्धं लक्ष केसांकडे आणि अर्धं खिडकीबाहेरच्या ढगाकडे. साहेबांच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. शेवटी मी हात वर केला.

"शाब्बास!" साहेब गरजले. "बघा! कुणाला वाटलं होतं का?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या तिकीट तपासनिसाने माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की उरलेले केसही जागेवरून उठले.

"काय झालं?" मी त्याला हळूच विचारलं.

"तू पर्वतावर चाललायस," तो म्हणाला.

साहेबांचं वाक्य मला नंतर कळलं. 'जिथे आपली बस पोहोचत नाही, तिथे आपला माणूस पोहोचला पाहिजे! कोण जाणार?' कंपनीने वाटाड्यांसकट निघणाऱ्या एका गिर्यारोहण मोहिमेत एक जागा घेतली होती. पर्वत म्हणजे टेकडी नव्हे. ज्याच्या डोक्यावर बारा महिने बर्फ असतो आणि ज्याला बघायचं तर विमानातल्या माणसालाही मान वर करावी लागते, असा पर्वत. (हे शेवटचं तिकीट तपासनिसाने सांगितलं. तो जरा वाढवून सांगतो.)

हात खाली घेऊन खरं सांगणं अगदी सोपं होतं. पण इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्या टाळ्यांत मी दोन क्षण तरंगलो, आणि तेवढ्यात साहेब चहाकडे वळले.

मला तशी काळजी नव्हती. घरी बायको होती ना! मी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटा गेलो तरी 'रस्ता बघून ओलांडा' असं सांगणारी बाई. ती नाही म्हणेल, रडेल, शपथ घालेल. मी दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने साहेबांना सांगेन, 'काय करू साहेब, घरचे ऐकत नाहीत!' अब्रूही राहील आणि जीवही.

घरी गेलो. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"अगं, मला पर्वतावर पाठवतायत," मी शक्य तितक्या करुण आवाजात म्हटलं.

तिच्या हातातलं पातेलं तिथेच थांबलं. ती वळली. तिचे डोळे असे चमकले की मला आमच्या लग्नाची आठवण झाली.

"जा," ती म्हणाली.

"अगं, तिथे हवा नसते."

"मग इथे कुठे आहे? ती खिडकी कधीची अडकलीय, उघडा म्हणून सांगतेय."

"बर्फात भेगा असतात. माणूस आत पडला तर सापडत नाही!"

"तुम्ही सापडाल. हरवलेलं सांभाळायचाच तर पगार घेता."

"आणि मी परत आलोच नाही तर?"

"असं अभद्र बोलू नये," म्हणून तिने पातेलं फडताळात ठेवलं आणि लगेच तिच्या भावाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरच्या नातेवाइकांना बातमी गेली होती. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही? वर?" आणि पुढे फोनमधून नुसता मुसमुसल्यासारखा आवाज आला. त्याला हसू आवरत नव्हतं की रडू, ते फोनवर कळलं नाही.

खरं सांगू? मला मनातून वाईट वाटलं. इतक्या आनंदाने नवऱ्याला बर्फात पाठवणारी बायको मी आधी पाहिली नव्हती. तयारी करतानाही ती गुणगुणत होती. मला रोज पाठीवर पिशवी देऊन जिन्याने वर-खाली करायला लावायची. पिशवीत पाटा-वरवंटा घालायची आणि वर उभी राहून म्हणायची, "अजून एकदा!" उबदार कपडे मी माझ्या विभागातूनच नेले. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही तर वस्तू कर्मचाऱ्याला मिळते, असा नियम आहे. टोपी मिळाली, गळपट्टा मिळाला आणि जाड हातमोजेही मिळाले. दोन्ही डाव्या हाताचे.

मोहिमेत आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणायचे. बाई काटक, ताठ, आणि चालताना मागे वळून न बघणाऱ्या. रांगेत मी त्यांच्या मागे असायचो आणि मधूनच त्या पुढूनच म्हणायच्या, "पाय घासू नका!" त्यांना ते कसं कळायचं देव जाणे.

आमचा मुख्य वाटाड्या कमी बोलायचा. त्याचा मुख्य शब्द 'हळू'. चढ आला की 'हळू, बाबा, हळू'. उतार आला की तेच. जेवतानाही तेच. म्हणून आम्ही त्याचं नाव हळूबाबा ठेवलं. पहिल्यांदाच मला कुणीतरी माझ्या नैसर्गिक वेगाने चालायला सांगत होतं. ऑफिसात याच गुणाबद्दल मला मेमो मिळाले आहेत.

आणि मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. मला तिथे आवडायला लागलं.

जसजसे वर गेलो तसतसा आवाज कमी होत गेला. आधी झाडं संपली, मग गवत, मग पाखरं. मग नुसता बर्फ आणि आपल्याच श्वासाची ये-जा. सकाळी तंबूचा पडदा उघडला की ढग पायाखाली पसरलेले असायचे, नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखे. त्यांत पाय सोडून बसावं, असं वाटायचं. (एकदा बसायला निघालो होतो. हळूबाबाने मागून पट्टा धरला.) विचारसुद्धा हळू यायचे. एक विचार आला की दुसरा यायला इतका वेळ लागायचा की तोवर पहिला निवांत बघून घेता यायचा. त्या पांढऱ्या उजेडात मला सारखी बायको आठवायची. तिचं गुणगुणणं आठवायचं आणि छातीत कळ यायची. मी नसताना ती इतकी खूश का?

शेवटच्या तळावर हळूबाबाने मला उपग्रहाचा फोन दिला. ऊन कलत होतं, सगळी शिखरं गुलाबी झाली होती. त्या फोनची गंमत अशी, की आपला आवाज आकाशात जाऊन पलीकडे पोहोचायला वेळ लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"जेवलीस का?" मी विचारलं. उत्तर नाही. मला राहवेना. "अगं, मी परत येऊ का?"

"हो, आत्ताच," तिचा आवाज आला.

माझा जीव असा हलका झाला की विचारू नका! "खरंच? मनापासून सांगतेस?"

"अजिबात नाही!" ती ओरडली. "परत कसले येताय?"

मी गोंधळलो. "म्हणजे तुला मी नकोच आहे का घरात?"

"अगदी मनापासून!"

मी बर्फात मटकन बसलो. शेजारीच बाई उभ्या होत्या. त्यांनी वर्गात ओरडून ओरडून कमावलेल्या आवाजात सांगितलं, "एका वेळी एकच प्रश्न! उत्तर येईपर्यंत तोंड बंद!"

मी तोंड बंद ठेवलं. मग पलीकडून बायकोचा आवाज आला. बारीक, लांबचा, वाऱ्यात हेलकावे खाणारा.

"काय वेड्यासारखं विचारताय? नको कशाला असाल? घरात करमत नाहीये मला. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, मला बघायला आला होतात तेव्हा? सगळे आत गेले होते, आपण दोघंच होतो. मी विचारलं, तुमची काय इच्छा आहे? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, 'मला खूप वर जायचंय.' मी तेव्हाच ठरवलं, आपण आड यायचं नाही. आणि मग तुम्ही कुठे गेलाच नाहीत हो. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्यामुळेच अडकलात. त्या दिवशी तुम्ही येऊन सांगितलंत, तेव्हा केवढं ओझं उतरलं माझं."

मी फोन घट्ट कानाशी धरला.

मला खूप वर जायचंय, असं मी म्हणालो होतो हे खरं. पण वाचकहो, माझा अर्थ हेडक्लार्क असा होता.

इतकी वर्षं माझी बायको माझ्या डोळ्यांत एक पर्वत बघत होती आणि त्याला वाट करून द्यायची म्हणून बाजूला सरून उभी होती. आणि मी? माझी साधी बढतीही झाली नाही. सूर्य मावळला, गुलाबी शिखरं निळी झाली. मी फोनमध्ये सावकाश म्हणालो, "उद्या वर जातो." मग उत्तराची वाट बघितली. तेही वाट बघून आलं, "हळू जा."

आता ती आणि हळूबाबा दोघंही एकच सांगत होते, म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

पहाटे निघालो. धुकं इतकं दाट की पुढच्या बाई म्हणजे नुसती एक दोरी. पाय माझे आहेत की कुणी बसमध्ये विसरलेले, तेही कळत नव्हतं. छाती भात्यासारखी चालली होती. थांबावंसं वाटलं की मी मनात म्हणायचो, 'तिला वाटतं तुला हेच हवं होतं.' आणि गंमत म्हणजे दर वेळी ते थोडं अधिक खरं वाटायचं. शेवटी शेवटी तर मला शपथेवर सांगता आलं असतं, की हेडक्लार्क वगैरे सगळं झूट, मला लहानपणापासून इथेच यायचं होतं.

मग दोरी थांबली. हळूबाबा म्हणाला, "झालं. आता वर काही नाही."

मी बर्फात बसलो. आणि मग जे झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. धुकं आपोआप विरलं. चारी दिशांना शिखरंच शिखरं, आणि ती संथ हलत होती, नांगरलेल्या गलबतांसारखी. उजेड सोनेरी, माझ्या खिडकीतल्या तिरिपीसारखा, पण आभाळभर. हवा इतकी स्वच्छ, की खाली, खूप खाली, मला आमच्या घराची गच्ची दिसली. बायको चादर वाळत घालत होती. तिने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि मला हात केला. मीही हात वर केला. या वेळी मला काहीही म्हणायचं नव्हतं. कसं आणि किती सुख वाटलं, ते सांगता येत नाही.

मग हळूबाबाने खांदा हलवला. "चला बाबा, उतरायचंय."

परत आल्यावर कंपनीने सत्कार केला. माझं भाषण चांगलंच झालं. ती गलबतं, तो उजेड, ती स्वच्छ हवा. साहेबांनी रुमाल काढला. गच्चीची गोष्ट मी भाषणात सांगितली नाही. ती फक्त बायकोला घरी सांगितली. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "खरंच हो. त्या दिवशी मी चादर धुतली होती."

काही दिवसांनी बाई आमच्याकडे आल्या. मोहिमेचे फोटो घेऊन. मेहुणाही आला होता. बायकोने सगळ्यांना चहा दिला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "बाई, वरून किती सुंदर दिसतं हो! यांनी सांगितलं मला सगळं."

"कुठून?" बाई म्हणाल्या. "शिखरावरून? अहो, तिथे स्वतःचा हात दिसत नव्हता! सगळं धुकं. पोहोचलो, फोटो काढले आणि उतरलो. आणि हे काय सांगणार? हे तर टेकल्याबरोबर झोपले."

"झोपले?" मेहुण्याने कप खाली ठेवला.

"चांगले घोरत होते. हळूबाबा तर म्हणाला, इथे लोकांना श्वास पुरत नाही, इतक्या वर येऊन घोरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मध्येच एक हातही वर केला झोपेत. हा बघा फोटो."

बघितला. सगळीकडे पांढरं. मधोमध टोपी, काळा चष्मा, गळपट्टा, एवढ्यात गुंडाळलेला एक माणूस, मान बाईंच्या खांद्यावर आणि तोंड सताड उघडं. मेहुणा उठून गॅलरीत गेला. त्याचे खांदे हलत होते.

बायको तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिला काय वाटलं असेल, या विचाराने मी चहा नुसता ढवळत बसलो.

"हा मोठा करून दिवाणखान्यात लावू," ती म्हणाली.

"हा? अगं, बाकीचे इतके फोटो आहेत! बर्फावर उभा आहे, बर्फ फोडायची कुऱ्हाड हातात आहे..."

"ते कुणाचेही असू शकतात," ती पदराने फोटो पुसत म्हणाली. "सगळा चेहरा झाकलेला. यात मात्र कुणीही सांगेल, की हे तुम्हीच."