जांगड आणलेलं विमान

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला पुंजारामांचं विमान पुन्हा डावीकडे कललं, जालना रोड ओलांडून गेलं आणि शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन बसलं. पडद्यावर धूर निघाला. पुंजारामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. धूर तसाच होता.

"कितवं हे?" त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मोजू नको."

"मी नाय मोजत. वरच्या सुलेखाताई मोजतात. त्यांना आवाज जातो."

पुंजाराम मूळचे सोयगावचे. चाळीस वर्षं त्यांनी गुलमंडीवर एका कापड दुकानाच्या गादीवर बसून लुगडी आणि शालू विकले. खऱ्या विमानात ते कधी बसले नव्हते. पण नात श्रेया कॉलेजसाठी शहरात राहायला आली, तिने आपल्या लॅपटॉपवरचा विमान चालवायचा खेळ टीव्हीला जोडून दिला, आणि सहा महिन्यांत आजोबांनी टीव्हीवरच्या बातम्या सोडल्या, दुपारची झोप सोडली आणि शेजाऱ्यांना "आज वारा पश्चिमेचा आहे" असं सांगायला सुरुवात केली. अशाच हौशी लोकांचं इंटरनेटवर एक मंडळ होतं. त्यात 'पक्का वैमानिक' व्हायचं तर परीक्षकांच्या देखत विमान चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरवून दाखवावं लागे. तीन संधी मिळत. पहिल्या वेळी पुंजाराम बाजरीच्या शेतात उतरले. दुसऱ्या वेळी जालना रोडवर, आणि तेही उलट्या बाजूने. तिसरी संधी उद्या, रविवारी संध्याकाळी पाच वाजता होती. ती गेली की वर्षभर नाव बाद. एकोणसत्तराव्या वर्षी 'पुढच्या वर्षी' हा शब्द पुंजारामांना आवडत नसे.

"आजोबा, चूक तुमची नाहीये," श्रेया म्हणाली. "हा दांडा झिजलाय. हात काढला तरी डावीकडेच ओढतो. नवीन घ्यायला पाहिजे. मी मागवू का मोबाइलवरून? फोटो बघा."

"फोटो बघून मी रुमाल नाय घेतला कधी. चल."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत फरहानचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने काचेवर तीन संच मांडले. प्रत्येकात दोन वस्तू होत्या, उजव्या हाताला विमान वळवायचा दांडा आणि डाव्या हाताला वेग कमीजास्त करायची मूठ. पहिला संच काळा, लोखंडी, उचलताना मनगट दुखावं असा. दुसऱ्याला तीस बटणं आणि लाल दिवे. तिसरा करडा, साधा, सरकारी कचेरीत शोभेल असा.

"भरवशाचा कोणता, तेवढं सांग," पुंजाराम म्हणाले.

"काका, जुन्यात आतला भाग घासून घासून झिजतो, म्हणून तो ओढतो. हे तिन्ही चुंबकावर चालतात. घासतच नाही, तर झिजणार काय? बाकी हाताला कोणता बसतो, ते ज्याचं त्याने बघायचं."

"बघतो. तिन्ही बांध. जांगड नेतो."

फरहानचा हात काचेवरच थांबला. जांगड म्हणजे काय ते गुलमंडीवर जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. गिऱ्हाइकाने पाच साड्या घरी न्यायच्या, बायकांना दाखवायच्या, एक ठेवायची, चार परत आणायच्या. सगळा व्यवहार विश्वासावर.

"काका, ये कपडा थोडी है. डबा खोलला की माल जुना होतो."

"तुझ्या बहिणीच्या, आमरीनच्या लग्नाला कपड्यांचे अठरा जोडे गेले होते तुमच्या घरी. माझ्या हातून. ठेवले किती?"

"दोन," फरहान हळूच म्हणाला.

"सोळा परत आले. एकाला मेंदी लागली होती. मी काय बोललो का?"

"काही नाय बोल्ले, काका."

"मग बांध."

फरहानने तिन्ही डबे बांधले. फक्त एवढंच म्हणाला, "सोमवारी सकाळपर्यंत, हां. आणि मेंदी नक्को."

घरी आल्यावर पुंजारामांनी बैठकीत पांढरी चादर अंथरली. तिन्ही संच डब्यातून काढून तिच्यावर ओळीने मांडले आणि श्रेयाला म्हणाले, "लाव तिन्ही."

"आजोबा, एका वेळी एकच लावायचा असतो."

"एकीची घडी घालून मग दुसरी उलगडली, तर डोळ्यांनी ताडून बघायचं कसं? चाळीस वर्षांत मी बाईसमोर घडी घातली नाय. सगळं उघडं पाहिजे."

श्रेयाने वायरींची जोडणी करायची एक पट्टी आणली. सहा काळ्या वायरी तिच्यात खोचल्या आणि पट्टी लॅपटॉपला लावली. तेवढ्यात जांगड माल आल्याची बातमी जिन्यात पसरली होती. सुलेखाताई पीठ चाळायचं सोडून खाली आल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी आल्या. सगळ्या चादरीभोवती बसल्या, साड्यांना बसतात तशाच.

"हा लाल दिव्यांचा छान वाटतो," सुलेखाताई म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्या संचाची मूठ मागे ओढली.

पुंजाराम तेव्हा पहिल्या संचावर होते, हजार फुटांवर. इंजिन बंद पडलं.

"पहिल्यात दम नाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या संचाकडे वळले. मग पहिला संच बायकांकडे गेला. एकीने दांडा उचलून वजन बघितलं, विमान उताणं झालं. दुसरीने एक बटण दाबलं, चाकं पोटात गेली. मनकर्णाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि तो ठेवायला त्यांनी तिसरा संच जरा बाजूला सरकवला. विमान मान मोडल्यासारखं उजवीकडे वळून डोंगराकडे निघालं.

"दुसराही गेला," पुंजाराम म्हणाले. त्यांच्या आवाजात आता घाम होता. "सगळेच ओढतात. फरहाननं काय दिलं हे?"

मग श्रेयाने कपाळाला हात लावला. "आजोबा, तिन्ही संच चालू आहेत. एकाच विमानाला तीन ठिकाणी लोक धरून बसलेत."

सगळ्या बायकांनी एकदम हात मागे घेतले, गरम तव्यावरून घ्यावेत तसे. विमान शांतपणे सरळ झालं आणि डोंगराला जाऊन धडकलं.

"मग बाकीच्यांच्या वायरी काढू?" श्रेयाने विचारलं.

"काढायच्या नाय. उद्या पाचपर्यंत माझी निवड चालू राहील. फक्त कुणी हात लावायचा नाय."

रविवारी दुपारपर्यंत त्यांनी तिन्ही संचांवर मिळून बावीस वेळा विमान उतरवलं, म्हणजे खाली आणलं. चार वाजता त्यांनी ठरवलं, परीक्षा पहिल्या संचावर द्यायची. लोखंड आहे, ऐन वेळी दगा देणार नाही. तो त्यांनी टीव्हीसमोरच्या टेबलावर घेतला. श्रेयाला मात्र धीर धरवेना. पाचला बैठक भरणार, कुणाचा ना कुणाचा हात लागणारच. आजोबा तोंड धुवायला गेले तेवढ्यात ती टेबलाखाली शिरली आणि दुसऱ्या व तिसऱ्या संचाच्या म्हणून चार वायरी पट्टीतून उपटून आली.

पावणेपाचला बैठक भरली. सुलेखाताई लाडू घेऊन आल्या होत्या, पास झाले तर वाटायला आणि नापास झाले तर तोंड गोड करायला. चादर पायाखाली गोळा व्हायला लागली, तसे मनकर्णाबाईंनी चादरीवर उरलेले दोन्ही संच उचलले. लाल दिव्यांचा कपाटावर ठेवला. करडा मांडीवर घेऊन त्या पुंजारामांच्या मागे दिवाणावर बसल्या. "परक्याचा माल हाय," त्या म्हणाल्या. "उद्या ओरखडा दिसला तर तोंड कुठं लपवायचं?"

बरोबर पाचला टीव्हीतून आवाज आला. मंडळाचे परीक्षक इंद्रजीत हे नाशिकचे दातांचे डॉक्टर होते आणि ते त्यांच्या बोलण्यात उतरलं होतं.

"नमस्कार पुंजारामजी. रिलॅक्स बसा. दोन मिनिटांचं काम आहे, कळणारसुद्धा नाही. विमान आत्ता आपोआप चाललंय. तीन मैल राहिले की मी सांगेन, मग हातात घ्या. मागे गर्दी आहे का?"

"घरचीच हायेत."

"प्रवाशांना शांत ठेवा."

सुलेखाताईंनी लाडवाच्या डब्याचं झाकण आवाज न करता बंद केलं.

शेंद्र्याचे कारखाने खालून सरकले. पुढे धावपट्टी दिसायला लागली, आधी काडीएवढी, मग पट्ट्याएवढी.

"घ्या हातात," डॉक्टर म्हणाले.

पुंजारामांनी मुठीवरचं बटण दाबलं आणि दांडा धरला. दांडा हातात हलला, पण विमान हललं नाही. त्यांनी दांडा जरा उजवीकडे नेला. विमान सरळच चाललं होतं. त्यांनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग डाव्या हाताने वेगाची मूठ थोडी मागे घेतली.

"छान," डॉक्टर म्हणाले. "किंचित डावीकडे आहात."

मागे बांगड्या वाजल्या. विमान हळूच उजवीकडे सरकून धावपट्टीच्या मधल्या रेघेवर आलं.

"वा. आता वेग सांभाळा."

पुंजारामांनी मूठ आणखी मागे घेतली. जमीन जवळ आली, नेहमी ज्या ठिकाणी सगळं बिघडत असे ते ठिकाण आलं. बांगड्या पुन्हा वाजल्या. विमानाने नाक जरासं वर केलं, पाटावर बसताना बाई पदर सावरते तेवढंच, आणि चाकं टेकली. टेकली हे फक्त आवाजावरून कळलं. पुंजारामांनी मुठीवरचं ब्रेकचं बटण दाबलं. विमान धावपट्टीच्या मधोमध थांबलं.

सुलेखाताईंचा हात लाडवाच्या डब्यावर गेला.

"पास," डॉक्टर म्हणाले. "पुंजारामजी, आज पहिल्यांदा तुम्ही दांड्याशी भांडला नाहीत."

मग बैठकीत एकच गलका झाला. लाडू फिरले. सुलेखाताईंनी दांड्याला हळदीकुंकू लावायला घेतलं, ते श्रेयाने वेळेवर थांबवलं. शेजाऱ्यांनी विचारलं, काका, घेणार कोणता? पुंजाराम लाडू हातात धरून म्हणाले, "लई भरवशाचा दांडा हाय. हात हलला तरी विमान हलत नाय."

सगळे गेल्यावर श्रेया वायरी गुंडाळायला टेबलाखाली शिरली. पट्टीत दोनच वायरी होत्या. एक धरून ती मागे मागे गेली, तर पहिल्या संचाच्या वेगाच्या मुठीपाशी पोचली. दुसरी धरून गेली, तर दिवाणापाशी पोचली, करड्या दांड्यापाशी. पहिल्या संचाचा लोखंडी दांडा कशालाच जोडलेला नव्हता. सहाही वायरी काळ्या, आणि तिने चार उपटताना एक भलतीच उपटली होती.

ती स्वयंपाकघरात गेली. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या.

"आजी, विमान तू उतरवलंस."

"मग काय करू?" त्या परातीकडेच बघत म्हणाल्या. "डावीकडं चाललं होतं. मी जरा सरळ केलं, तर झालं सरळ. सहा महिने मागं बसून बघते. ते शेवटाला घाई करतात."

"मग बोलली का नाहीस?"

"गाडी घाटात असताना ड्रायव्हरशी बोलू नये." भाकरी तव्यावर पडली. "त्यांना सांगू नको. दोनदा नापास झालेत. पोरासारखे खूश हायेत."

श्रेया बाहेर आली. आजोबा एकटेच बसले होते. लोखंडी दांडा त्यांनी मांडीवर घेतला होता आणि त्याच्या वायरीचं मोकळं टोक बोटांत फिरवत होते.

"आजोबा, मी..."

"तीन मैलांवरच कळलं मला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षं हातानं कापड ओळखलंय. जीव असलेली वस्तू अन् नसलेली वस्तू मला कळत नाय व्हय? मग मागं बांगड्या वाजल्या की विमान हलतंय, हे बी कळलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तिनं सोडून दिलं असतं. हवेत होतो आपण."

ते उठले, चष्मा लावला आणि लॅपटॉपसमोर बसले. "डॉक्टरला लिही. निकाल माझा नाय. वेग माझा होता, उतरवणारी दुसरी होती. नाव काढायचं असलं तर खुशाल काढा म्हणावं. आणि फरहानला कळव, तिसरा संच ठेवतोय."

श्रेयाने लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आजची परीक्षा रद्द समजू, तुमची तिसरी संधी शाबूत. पण असा हात मी मंडळात बघितला नाही. उतरवणाऱ्यांचा अर्ज ताबडतोब भरा.'

सोबत अर्ज होता. श्रेया एकेक रकाना वाचायला लागली.

"नाव?"

"मनकर्णाबाई पुंजाराम. मोठ्या अक्षरात."

"अनुभव?"

पुंजारामांनी विचार केला. "एक उड्डाण. नीट उतरलं."

"सहवैमानिक? इथे कुणाचं तरी नाव लागतं."

पुंजारामांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत भाकरी फुगल्याचा वास सुटला होता.

"माझं टाक," ते म्हणाले. "आणि खाली लिही, दांड्याला हात लावणार नाय."