टाचेखालून कागद

मानवी शरीरात टाच हा सर्वांत खालच्या श्रेणीचा कर्मचारी आहे. जन्मभर सगळ्या देहाचं वजन उचलूनही तिची आठवण फक्त भेगा पडल्यावर होते. माणूस आडवा झाला की बाकीचे अवयव रजेवर जातात. टाच मात्र गादीवर टेकून कामावरच असते. हाडावर नुसती कातडी. पाय दिवसेंदिवस एकाच जागी पडून राहिला की ती आधी लाल होते, मग काळी पडते, आणि मग रुग्ण ज्या दुखण्यासाठी आला ते बाजूला राहून टाचेवर उपचार सुरू होतात.

हे टाळण्यासाठी आमच्या रुग्णालयात वरून परिपत्रक आलं. (रुग्णालय बीड जिल्ह्यात आहे. गावाचं नाव सांगण्याची परवानगी मागितली असून तो कागद अद्याप सरकलेला नाही.) परिपत्रकात लिहिलं होतं: 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पोटरीखाली मऊ आधार द्यावा. टाच अधांतरी राहावी. टाचेखालून एक कागद सहज सरकला पाहिजे.'

पहिली दोन वाक्यं वैद्यकीय असल्याने कार्यालयात कोणी वाचली नाहीत. तिसऱ्या वाक्याने मात्र मी, म्हणजे इथला वरिष्ठ लिपिक, भारावून गेलो. कागद सरकला पाहिजे! एकोणतीस वर्षं मी दुसरं काय करत आलो? फक्त एक तांत्रिक विसंगती होती. आमच्याकडे वजन ठेवल्याशिवाय कागद सरकत नाही, आणि टाचेचं म्हणणं, वजन काढल्याशिवाय सरकत नाही. वैद्यकशास्त्राला अजून बरंच शिकायचं आहे, असं समजून आम्ही कामाला लागलो.

टाच संरक्षण समिती स्थापन झाली. टाच-पत्रक, नमुना 'ट', तीन प्रतींत. डाव्या टाचेचं वेगळं, उजवीचं वेगळं. पहिल्याच आठवड्यात एक्केचाळीस रुग्णांच्या एक्क्याऐंशी टाचांची नोंद झाली. (एक टाच कमी का, याचा खुलासा खाट क्रमांक सातकडे मागवला. 'पाय कापलेला आहे' असं उत्तर आलं. पुरावा जोडलेला नाही.) प्रत्येक पत्रक सहा टेबलं फिरून वॉर्डात परत येई. कागद सरकण्याचं प्रमाण शंभर टक्के. टाचा कुठे होत्या, असा रकाना नमुन्यात नव्हता.

खाट क्रमांक अकरावर अजमतबी होत्या. वय बहात्तर, शिरूर कासारच्या बाजारात पाटी घेऊन सीताफळं विकायच्या. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. "मला माज्या पायानं घरी जायचंय," एवढी एकच मागणी त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. चौथ्या दिवशी त्या शिवकन्या सिस्टरला म्हणाल्या, "खुबा ऱ्हाऊ द्या सिस्टर, टाचंत लई आग व्हायलीय."

सिस्टरने पाहिलं. उजवी टाच लाल झाली होती, आणि बोटाने दाबली तरी लाली हटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कातडी फुटली तर कित्येक महिने पाय टेकता येणार नाही. सिस्टर तडक भांडारपाल चन्नप्पांकडे उशी मागायला गेल्या.

"एका पेशंटला एक उशी. ती दिलेली हाय," चन्नप्पा म्हणाले.

"ती डोक्याखाली हाय. मला पायाखाली घालायला पायजे."

"मंग तिला उशी कावून म्हनायलात? उशी उशाला असती, सिस्टर. पायथ्याला असती ती पायथी. पायथी पायजे म्हनून लिहून द्या. म्या 'स्टॉकात न्हाई' म्हनून लिहून देतो."

भांडारातून इतक्या तत्परतेने लेखी सेवा देण्याची तयारी मी प्रथमच पाहत होतो. 'पायथ्याच्या उशीबाबत' अशी संचिका उघडली. ती इतकी जोमाने वाढली की पाच दिवसांत वीतभर जाड झाली. सहाव्या दिवशी ती हरवली.

आणि सातव्या दिवशी तपासणी अधिकारी मॅडम आल्या. मी शंभर टक्क्यांचा तक्ता वाचू लागलो. मॅडमनी तो माझ्या हातातून काढून घेतला (ही गंभीर अनियमितता होय), अकरा नंबरला गेल्या आणि अजमतबींच्या टाचेखाली घातला. तक्ता या बाजूने त्या बाजूला सुळकन गेला. ना शिफारस, ना वजन. एवढ्या नोकरीत इतक्या वेगाने सरकलेला कागद मी पाहिला नव्हता. खरं सांगतो, मला भरून आलं.

मॅडमनी पांघरूण उचललं. पोटरीखाली घडी घातलेली गोधडी होती. ती उलगडली, तर आत आमची हरवलेली संचिका.

"उशी न्हाई, तर उशीचे कागद तरी," शिवकन्या सिस्टर म्हणाल्या.

"नुसती गोदडी दबायली व्हती," अजमतबींची सून जिनत पुढे होऊन म्हणाली, "म्हनून आत घातली. लई कामाची चीज हाय बगा, सायब."

माझ्या संचिकेला कामाची म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. पण दप्तर ते दप्तर. मी संचिका ताब्यात घेतली. टाच पुन्हा गादीला टेकली. अजमतबींनी ओठ चावला आणि विचारलं, "सायब, तुमी वाचनार हाव का ती?"

प्रश्न नियमबाह्य होता. खरं उत्तर 'नाही' असं होतं. मी संचिका गुपचूप गोधडीत घातली, पोटरीखाली सारली आणि हालचाल वहीत लिहिलं, 'संचिका वरिष्ठांकडे'. (अजमतबी माझ्याहून पंधरा वर्षांनी वरिष्ठ आहेत.)

टाचेची लाली ओसरली. एकोणिसाव्या दिवशी अजमतबी वॉकर धरून, दोन्ही टाचा टेकवत दरवाजातून बाहेर पडल्या. पुढच्या सोमवारी उशी मंजूर होऊन आली. 'लाभार्थी चालत निघून गेल्याने' ती परत पाठवली.

आता तुमच्याविषयी. आतापर्यंत तुम्ही आम्हाला हसलात; आमची हरकत नाही. तुमच्याही घरी आतल्या खोलीत कोणी आडवं पडलेलं असेल. चहा वेळेवर जातो, गोळ्या वेळेवर जातात. पायावरचं पांघरूण उचलून टाच कधी पाहिलीत? राहू द्या, उठू नका. हा कागद माझ्या टेबलावरून तुमच्या हातात आला, म्हणजे सरकलाच. तुमच्या घरच्या टाचा मी नमुना 'ट'मध्ये 'सुरक्षित' म्हणून लिहून टाकल्या आहेत. खाली तुमची तेवढी सही हवी आहे.